जमा केले

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारची गोष्ट. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढते आहे.

स्वीडनच्या दालार्ना भागात एका छोट्या गावच्या वस्तुसंग्रहालयात मी अर्धवेळ काम करते. एक मोठी इमारत आणि त्यात काचेची कपाटं, असं हे संग्रहालय नाही. जुनी लाकडी घरं, धान्याची कोठारं, गोठा, भाकऱ्या भाजायची खोली, असं सगळं मूळ जागेवरून ओंडका ओंडका सुटा करून आणलं आणि एका आवारात पुन्हा उभं केलं. अशा आवाराला इथे 'हेम्बिग्दसगोर्ड' म्हणतात. हेम्बिग्द म्हणजे आपली पंचक्रोशी. गावोगावच्या या संस्थांची देशव्यापी संघटना १९१६ साली झाली. बहुतेक ठिकाणी पगारी माणूस नसतोच, निवृत्त मंडळी सगळं चालवतात. छप्पर शाकारणं, भिंतींना फालूनच्या तांब्याच्या खाणीतला तो लाल रंग देणं, जुलैत पाहुण्यांसाठी वॉफल भाजणं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. नोंदवह्यांकडे मात्र कोणी फिरकत नाही, आणि माझ्या मते संग्रहालयाचा जीव तिथेच असतो. तीन वर्षांपूर्वी त्या वह्या संगणकावर चढवायला मला नेमलं.

सप्टेंबरात हंगाम संपला की पहिलं काम लोकरीचं. या घरांना हीटर नाहीत, आणि कसर कुठल्या घडीत लपली आहे ते कळत नाही. म्हणून प्रत्येक लोकरी वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, हवा दाबून काढायची, तोंड सील करायचं आणि उणे २० अंशांखाली दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायची. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही. दव प्लास्टिकवर धरलं पाहिजे, लोकरीवर नाही.

त्या दिवशी मी हेच करत होते. दारात एक आजोबा येऊन उभे राहिले, वय ऐंशीच्या आसपास. इथे लहानथोर सगळे एकमेकांना 'दू', म्हणजे 'तू' म्हणतात. तोंडाने मीही तसंच म्हणते, मनात मात्र 'तुम्ही'च असतं, आणि इथे लिहितानाही तसंच लिहिते.

"आईची फळी न्यायला आलोय," ते म्हणाले. "घोड्याची."

कुठली ते लगेच कळलं. मांगेलब्रेदे म्हणतात तिला. हातभरापेक्षा थोडी लांब, अरुंद लाकडी फळी, आणि वर एका टोकाला मुठीसाठी कोरलेला घोडा. ओलसर तागाचं कापड लाटण्यासारख्या रुळावर घट्ट गुंडाळायचं, रूळ टेबलावर ठेवायचा आणि ही फळी वरून दाबून पुढेमागे फिरवायची. इस्त्रीशिवाय कापडाला कडक घडी येते, चकाकीही येते. लग्न ठरलं की मुलगा ती स्वतः कोरून मुलीला द्यायचा. आमच्या फळीवर कंपासने आखलेली सहा पाकळ्यांची फुलं आहेत, आणि खाली तीन अक्षरं व साल: के ई डी १८२९. डी म्हणजे 'दोत्तर', मुलगी. के ही कारिन असेल किंवा शेश्टिन, ई हे बापाच्या नावाचं अक्षर, एरिक. कायमची आडनावं रूढ होण्याआधी खेड्यात हेच चालायचं. नावापुढे बापाचं नाव लावायची सवय आपल्याला आहेच, त्यामुळे ही तीन अक्षरं मला पहिल्या दिवसापासून घरची वाटत आली.

फळी वरच्या मजल्यावर भिंतीला टांगलेली होती. खाली पाटी: 'प्रेमाची भेट. शोभेची वस्तू.' संगणकातली नोंदही माझीच होती: 'वापराच्या खुणा: नाहीत.'

खाली आणून मी ती टेबलावर ठेवली. आजोबांनी हात धुऊन पुसले (मी सांगायच्या आधीच), फळी उचलली आणि उलटी केली. तळावरून अंगठा फिरवत म्हणाले, "इथे बघ."

मला काही दिसेना. मग टॉर्च आणला आणि जवळजवळ आडवा धरला. लाकडावर उजेड असा लोळत गेला की उंचसखल सगळं उठून दिसतं. मधला भाग काचेसारखा गुळगुळीत होता आणि डावीकडची कड उजवीपेक्षा स्पष्ट खाली गेली होती. पिढ्यान् पिढ्या हात चालले असल्याशिवाय लाकूड असं होत नाही. तीन वर्षांपूर्वी मी या फळीचे चार फोटो काढले होते, चारही वरच्या बाजूचे. कोरीवकाम इतकं देखणं की उलटून बघायचं सुचलंच नाही. माझ्या कामात यापेक्षा मोठी चूक मला आठवत नाही.

"आणि रूळ?" त्यांनी विचारलं.

रूळ नाही, मी म्हणाले. ते काही न बोलता आवार ओलांडून भाकरीच्या खोलीत गेले. तिथे भिंतीला सातआठ लाटणी टांगलेली आहेत. कडक भाकरीचं लाटणं खाचाखाचांचं असतं, त्याने भाकरीवर खळगे पडतात. त्यांत एकच पार गुळगुळीत, आणि बाकीच्यांपेक्षा लांब. त्यांनी सरळ तेच काढलं. "हा."

त्याच्या टोकावर शाईने क्रमांक लिहिलेला होता: ३१८. फळीचा ३१७.

मी धावतच मुख्य नोंदवही आणली. १९६१, एकाच तारखेला, लागोपाठच्या दोन ओळी. अक्षर त्या वेळच्या शाळामास्तरांचं. 'मांगेलब्रेदे, घोडा. रूळ.' पुढे आजोबांच्या आईचं नाव, वाडीचं नाव, आणि शेवटी एक शब्द: 'इन्लेम्नात'.

सगळं या शब्दावर येऊन अडलं आहे. त्याच वहीत इतर ओळींवर 'भेट' लिहिलंय, काहींवर 'ठेव', चारदोन ठिकाणी 'विकत'. 'इन्लेम्नात' म्हणजे जमा केले, बस. आपल्याकडेही बँकेत पैसे जमा करतात, ते आपलेच राहतात. आणि सापडलेलं पाकीट पोलीस ठाण्यात जमा करतात, ते आपलं कधी नसतंच. आई फळी देऊन गेली की ठेवून गेली, हे मास्तरांच्या शब्दावरून कळत नाही.

आजोबा म्हणाले, "शेत विकलं, फ्लॅटमध्ये जागा नव्हती. रूळही सोबत दिला, म्हणजे परत न्यायचीच होती. शोभेला द्यायची असती तर नुसती फळी पुरली असती."

आठवड्याने कार्यकारिणीच्या बैठकीत एक सदस्य बरोबर याच्या उलट बोलले: "रूळसुद्धा दिला म्हणजे तिचं काम संपलं होतं. ठेवायची असती तर रूळ तरी घरी राहिला असता." दुसरे म्हणाले, एक परत केली की उद्या निम्मं गाव दारात उभं राहील. हे भीतीचं बोलणं झालं, उत्तर नव्हे, आणि मी तिथे तसं म्हटलंही. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

पण मला झोप लागू देत नाही ते वेगळंच. संगणकाच्या फॉर्ममध्ये 'वस्तू कशी मिळाली' यापुढे चार पर्याय आहेत: भेट, खरेदी, ठेव, माहीत नाही. 'जमा' नाही. पहिल्या उन्हाळ्यात वही चढवताना हा शब्द आला की मी 'भेट' निवडत गेले. कोणी सांगितलं नव्हतं. 'माहीत नाही' लिहिलं तर काम अर्धवट वाटेल, एवढंच डोक्यात होतं. फोटो चढवण्यासाठी निधी देणारे किती नोंदी झाल्या तेवढं मोजतात. प्रत्येक शब्दापाशी थांबायला वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे कोणी देत नाही. बैठकीत ज्या छापील यादीवर बोट ठेवून 'इथे तर भेट लिहिलंय' असं म्हटलं गेलं, ती यादी माझी होती. ती फळी भेट मास्तरांनी केली नाही, त्या आईनेही केली नाही. मी केली, एका क्लिकने. हे मी बैठकीत उभं राहून सांगितलं. कोणी रागावलं नाही, पण इतिवृत्तात ते आलं नाही. मी लेखी दिलं आहे.

निघण्याआधी आजोबांनी माझ्याकडे एक कापड मागितलं होतं. संग्रहातली वस्तू वापरायची नाही हा नियम मला पाठ आहे. मी भांडी पुसायचा तागाचा पंचा ओला करून दिला. त्यांनी तो रुळावर गुंडाळला, डावा हात घोड्यावर, उजवा फळीच्या पुढच्या टोकावर, आणि डाव्या अंगावर भार टाकून जोर लावला. आई डावखुरी होती, तिनेच शिकवलं, म्हणाले. फळी टेबलावरून पुढेमागे जाताना दबका गडगडाट होत होता. पंचा उलगडला तेव्हा तो इस्त्रीचाच वाटत होता.

आता ३१७ आणि ३१८ एकाच फडताळात आहेत. भिंतीवरची पाटी काढली. नोंदीत 'वापराच्या खुणा' पुढे तळाची झीज, डावी कड आणि ती कोणाच्या हाताची हे लिहिलं, टॉर्चच्या उजेडातले फोटो जोडले. 'जमा केले' असलेल्या १४३ ओळी निघाल्या. रोज संध्याकाळी वही उघडते, मूळ शब्द जसाच्या तसा उतरवते आणि पुढे 'माहीत नाही' निवडते. काल ५८ व्या ओळीपर्यंत आले.