मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत: टिन व्हिसल, पावा आणि आडवी बासरी

कोकण किनाऱ्यावर टिन व्हिसल, म्हणजे शिट्टीसारखं तोंड असलेली सहा भोकांची धातूची बासरी, मागून मिळेल अशी आशा धरू नये. बाजारात ‘बासरी’ म्हटलं की बांबूची आडवी बासरी पुढे येते, आणि ‘तोंडात धरून वाजवायची’ म्हटलं की पावा. म्हणून डी पट्टीच्या दोन टिन व्हिसल मी मुंबईहूनच बरोबर घेतल्या. एक क्लार्क कंपनीची, कल्हईच्या पत्र्याची. दुसरी जनरेशन कंपनीची, पितळी नळी आणि प्लास्टिकचं तोंड असलेली. वाटेत दिसेल ती बासरी या दोघींशी ताडून बघायची, एवढा बेत.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या चढवता येणाऱ्या बोटीने) मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड. पुढे आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या खाड्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडता येतात. फेरीबोटीच्या डेकवर व्हिसल वाजवायला घ्याल तर बहुतेक वेळा वाजणार नाही. शिट्टीच्या तोंडाच्या वाद्यात फटीतून आलेला श्वास समोरच्या धारेवर आपटतो आणि तिथे सूर तयार होतो. ही धार ज्या खाचेत असते ती ‘खिडकी’ उघडी असते. आडवा वारा त्या पातळ झोताला बाजूला ढकलतो, की सूर तुटतो, नाहीतर नुसती फुसफुस येते. वाऱ्याकडे पाठ करून, दोन गाड्यांच्या आडोशाला उभं राहिलं की तीच व्हिसल नीट बोलते. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे जोर धरतात, म्हणून समुद्रालगतच्या टपरीवर बासरी पारखायची असेल तर सकाळ बरी.

आता पट्टीचा घोळ, कारण खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. टिन व्हिसलची पट्टी सगळी भोकं बंद केल्यावर येणाऱ्या सुरावरून सांगतात. आपली बासरी वरची तीन भोकं बंद केल्यावर येणाऱ्या ‘सा’वरून. डी व्हिसलवर वरची तीन बंद केली की ‘जी’ हा सूर वाजतो, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, ‘पांढरी पाच’. तेव्हा डी व्हिसलची जोडीदार बासरी हवी असेल तर दुकानात ‘पांढरी दोन’ नाही, ‘पांढरी पाच’ मागायची, तीही आखूड, टिपेची. बोटं दोन्हींवर सारखी पडतात: सगळं बंद म्हणजे मंद्र पंचम, सगळं उघडं म्हणजे तीव्र मध्यम. फरक शुद्ध मध्यमात आहे. बासरीवर त्यासाठी पहिलं भोक अर्धं दाबतात. व्हिसलवर पहिलं उघडं ठेवून दुसरं-तिसरं बंद केलं की तो मिळतो, आणि अर्ध्या भोकापेक्षा हात लवकर बसतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, मात्र व्हिसलवर जेमतेम. भोकं लहान, पत्रा पातळ. बोट सरकवायला जागाच नाही.

लहान मुलासाठी घेत असाल तर हे सगळं बाजूला ठेवा. सगळी भोकं बंद तो ‘सा’ धरा आणि खालून एकेक बोट उचलत जा. बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध सूर, सरळ वाजतो, मध्यमाची भानगडच उरत नाही.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर या टप्प्यात देवळांजवळच्या टपऱ्यांवर जे दिसलं ते खेळण्याच्या जातीचं. रंगीत पट्ट्यांचा पावा, पीव्हीसीच्या नळीची बासरी, गोंडा लावलेली बासरी. पीव्हीसीला नाक मुरडू नका. ती फुगत नाही, तडकत नाही, आणि तिची पोकळी सगळीकडे सारखी असते. बांबूत नेमकं तेच नसतं. टपरीवरच्या बासऱ्यांना बहुधा एकाच मापाच्या काठीवरून खुणा करून तापलेल्या सळईने भोकं पाडलेली असतात. प्रत्येक नळीची पोकळी आणि जाडी वेगळी, म्हणून खुणा तंतोतंत असल्या तरी सूर वेगळे पडतात. एकाच आकड्याच्या दोन बासऱ्या एकमेकींशी जुळत नाहीत त्या यामुळे.

गणपतीपुळ्याला देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर दुकानांची दाटी असते, तेव्हा निवडीला वाव तिथे. विकणारा वाजवून दाखवतो त्यावर जाऊ नका. तो रोज वाजवतो, त्याच्या हातात काठीही सुरात बोलेल. बासरी आपल्या हातात घ्या, आणि फुंकण्याआधी डोळ्यांनी बघा. नळीतून उजेडाकडे पाहिलं की आतल्या गाठी, कुसळं आणि उभी चीर दिसते. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यातून पिठासारखा भुसा झडत असेल तर बांबूला कीड लागलेली आहे; ती बासरी परत ठेवा आणि तिच्या शेजारच्याही नीट बघा. भोकांच्या कडा जळून खरबरीत असतील तर हरकत नाही, बारीक पॉलिश पेपरने त्या साफ होतात. पाव्याच्या धारेवर रंग किंवा व्हार्निशचा थेंब सुकलेला असेल तर हरकत आहे. धार बोथट झाली की आवाज घोगरा येतो, आणि खरवडायला जाल तर धारच जाईल.

मग आडवीचा हवाबंदपणा. सगळी भोकं बोटांनी आणि शेवटचं टोक तळव्याने दाबायचं, फुंकायच्या भोकातून हवा ओढायची. ओठ चिकटून राहिला तर नळी घट्ट. हवा येत राहिली तर कुठेतरी चीर आहे किंवा डाट, म्हणजे बंद टोकातला बूच, सैल आहे. अशा बासरीचा खालचा पंचम कधीच धड लागत नाही, आणि नवशिक्याला वाटतं आपली बोटं नीट बसत नाहीत. पुसायला ओला रुमाल जवळ असू द्या. आधी कोणी कोणी फुंकली असेल त्याचा नेम नाही.

त्यानंतर मोबाइलमधला ट्यूनर (सूर मोजणारं ॲप), ए ४४० वर, म्हणजे ‘ए’ सूर ४४० हर्ट्झ धरून, लावून. बासरी आधी दोन-तीन मिनिटं फुंकून कोमट करा, फोन वाद्याच्या तोंडापासून वीतभर लांब धरा, मध्यम श्वासाने एकेक सूर लांब धरा. सगळेच सूर सारखे चढे असतील तर ती बासरी वाईट नाही. एकट्याने वाजवायला चालेल. एक सूर १० सेंट उतरा आणि शेजारचा ३० सेंट चढा असेल तर नको. (लगतच्या दोन सुरांत, म्हणजे पेटीच्या शेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीत, १०० सेंट असतात.) इथे आडवीला आणि शिट्टीच्या तोंडाच्या वाद्याला एकच न्याय लावू नये, असं माझं ठाम मत आहे. आडवी बासरी ओठाखाली किंचित फिरवली की सूर वीस-तीस सेंट खाली-वर होतो, वाजवणारा चूक झाकतो. पाव्याची आणि व्हिसलची फट पक्की. तिथे फक्त श्वास कमी-जास्त करता येतो, आणि त्याने आवाजही लहान-मोठा होतो. म्हणून पावा कडक पारखायचा, आडवीला थोडी सूट द्यायची.

वरचं सप्तकही तपासा. त्याच बोटांनी श्वास जोरात दिला की बरोबर दुप्पट सूर यायला हवा. आडवीत तो उतरा येत असेल तर बहुधा आतला बूच फुंकायच्या भोकापासून फार लांब आहे. भोकाच्या मध्यापासून बुचापर्यंतचं अंतर साधारण नळीच्या पोकळीच्या व्यासाएवढं असावं. बूच कॉर्कचा असेल तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने थोडा पुढे सरकतो. बांबूची मूळ गाठच बूच म्हणून ठेवली असेल तर काही करता येत नाही. एखादाच सूर चढा असेल तर तो ज्या भोकातून निघतो त्याच्या वरच्या कडेला मेणाचा पातळ थर किंवा सेलोटेपची चकती लावा, उतरेल. उतरा असेल तर तीच कड कानशीने किंचित वाढवायची. पण मेण काढता येतं, खरवडलेला बांबू परत येत नाही.

माझ्या दोन्ही व्हिसल रत्नागिरीपासून खाली सतत चढ्या लागू लागल्या. कारण साधं आहे: हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो, आणि फुंकवाद्य अंशाला साधारण ३ सेंट चढतं. २० अंशांना सुरात असलेली व्हिसल ३२ अंशांच्या दुपारी हिशेबाने ३५ सेंटच्या आसपास चढते. आपला श्वास मुळात गरम असल्याने प्रत्यक्षात थोडं कमी. पेटीचे सूर उन्हाने असे हलत नाहीत. म्हणजे देवळातल्या भजनाला साथ करायची तर व्हिसल उतरवावी लागते. जनरेशनचं तोंड नळीवर डिंकाने बसवलेलं असतं. गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, अर्धा मिनिट धरून पिळलं की सुटतं. मग ते बाहेर ओढायचं. १ मिलिमीटरला खालचा सूर साधारण ६ सेंट उतरतो, पण सगळी भोकं उघडी असतानाचा जवळपास दुप्पट, कारण तिथे हवेचा खांबच निम्मा असतो. त्यामुळे ३ मिलिमीटरच्या पुढे ओढलं की वरचे सूर बेसूर होतात. क्लार्क अखंड पत्र्याची, तोंड हलतच नाही. पेटीबरोबर ती कोकणात निरुपयोगी, एकटीने वाजवायला मात्र तिचा हवेशीर आवाज मला दोघींत जास्त आवडतो. इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या कोनी वेस्टन गावच्या रॉबर्ट क्लार्कने १८४३ मध्ये ही व्हिसल बनवायला घेतली. निमुळती गुंडाळलेली पत्र्याची नळी आणि तोंडात लाकडी ठोकळा, ही घडण आजही तीच.

दमट हवेत दुसरा त्रास फटीत पाणी साठण्याचा. श्वासातली वाफ फटीच्या भिंतींवर थेंब धरते आणि आवाज मध्येच गुदमरतो. खिडकीवर बोट आडवं ठेवून जोरात फुंकलं की थेंब बाहेर पडतो. कायमचा उपाय म्हणजे भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब चमचाभर पाण्यात मिसळून फटीतून सोडायचे आणि न पुसता सुकू द्यायचे. मग पाणी थेंब न धरता पसरून वाहून जातं. क्लार्कच्या लाकडी ठोकळ्याला हे करू नका, लाकूड फुगतं.

देवगडजवळ कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला भरते. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीच्या जत्रेचा दिवस पंचांगावरून नाही, कौलाने ठरतो. आधी चौकशी करूनच निघा. जत्रेत ढीग मोठा, पण भोंग्यांच्या कलकलाटात ट्यूनर काही कामाचा नाही. तिथे नजर आणि हवा ओढून बघणं, एवढ्यावरच निवड करावी. “वाजवून बघू काय?” विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. दुकान मांडण्याच्या वेळी, सकाळी लवकर गेलात तर सूरही ऐकता येतात.

सिंधुदुर्गात इतका बांबू असून बासऱ्या बाहेरच्या का, असा प्रश्न कुडाळच्या आसपास पडतोच. इथला माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो. टेकूला, कुंपणाला, फर्निचरला उत्तम, बासरीला नाही. बासरीला पातळ भिंतीची आणि लांब पेरांची जात लागते. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासऱ्यांचं मोठं केंद्र, पण तिथेही बांबू आसामातल्या सिल्चरकडून येतो.

खारी हवा पत्र्याला सगळ्यात वाईट. क्लार्कचा रंग जिथे उडाला असेल तिथे तांबेरा धरतो, म्हणून रोज रात्री आतून-बाहेरून कोरडी पुसायची. पितळेवर नुसता काळपट, हिरवट थर येतो. चिंचेच्या पाण्याने निघतो, तोंड मात्र आधी सुटं करायचं.

वेंगुर्ल्याहून सावंतवाडी आणि आंबोली घाटाने वर निघाल्यावर खरी काळजी बांबूची. किनाऱ्यावरच्या ओलीत फुगलेली नळी देशावरच्या कोरड्या उन्हात झपाट्याने आकसते आणि उभी तडकते. गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेली तर नक्कीच. कापडात गुंडाळून सामानाच्या मध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. घरी पोचल्यावर आतून खोबरेल तेलाचा हलका हात, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून घ्या. दोन्ही टोकांना आणि भोकांच्या मधल्या जागी मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळला तर चीर पुढे सरकत नाही.