चाळाचा पाय

पी.टी.च्या तासाला सर ‘बायें मूड’ म्हणाले की सगळी रांग समुद्राकडे तोंड करायची आणि मी एकटा डोंगराकडे. पाचवीपासून सातवीपर्यंत हा कार्यक्रम नेमाने चालला. “सगळे गुहागरला निघालेत, हा एकटा चिपळूणला,” असं सर म्हणायचे. वर्ग हसायचा, मीही हसायचो. न हसणं जास्त महागात पडायचं. ज्या हाताने जेवतो तो उजवा, हे मला पाठ होतं. पण हुकूम आल्यावर मी मनातल्या मनात जेवायला बसेपर्यंत रांग पुढे गेलेली असायची.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिहा, असा समितीचा निरोप आला. खरं तर आधी गणित आठवायला हवं होतं, पोट त्याच्यावरच भरलं. आठवला तो आठवीचा गॅदरिंगचा डिसेंबर आणि उजव्या पायातला घुंगरांचा चाळ.

त्या वर्षी बाईंनी ठरवलं, सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच पुरे झाले, यंदा जाखडी, म्हणजे कोकणात गणपतीत गोल धरून नाचतात तो नाच, बसवायची. शिक्षकांच्या खोलीत कुरबुर झाली म्हणे. जाखडी वाडीत, गणपतीसमोर ठीक आहे. शाळेच्या स्टेजवर ‘बाल्यानाच’ कशाला? हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जायचा, ते आमच्या वयाच्या माणसाला सांगायला नको. मुंबईत घरगडी म्हणून राबणाऱ्या कोकण्याच्या कानात बाळी असायची, म्हणून तो बाल्या आणि त्याचा नाच बाल्यानाच. माझे आजोबा त्यांतलेच. मुंबईत वर्षभर दुसऱ्यांची भांडी घासायचे आणि भाद्रपदात गावी येऊन रात्र रात्र नाचायचे. त्या दहा दिवसांत त्यांना कुणी हाक मारून पाणी मागत नसे.

बाईंना स्वतःला जाखडी येत नव्हती. ती येत होती आपल्या शिपाईमामांना. घंटा देणारे, पावसाळ्यात छपराची कौलं सारखी करणारे मामा शाळा सुटली की मृदंग मांडीवर घेऊन पडवीत बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझी फजिती पाहिली आणि काही न बोलता माझ्या उजव्या पायात चाळ बांधला. वाडीच्या पद्धतीप्रमाणे तो एकाच पायात बांधायचा. पितळेचे घुंगरू, जाड सुती दोरा, खाली फडक्याची पट्टी. नाहीतर घोटा सोलवटतो.

“ह्यो चाळाचा पाय. उजवा-डावा इसर.”

माझ्यापुरता प्रश्न तिथे सुटला. डावं-उजवं हे आता शब्द राहिले नव्हते. एक पाय जड होता आणि वाजत होता, दुसरा हलका आणि मुका. मध्ये मृदंग, झांज आणि गाणारे बसलेले, भोवती आम्ही बारा पोरं. गुडघे सैल, कमरेत जरासा बाक, चाळाचा पाय पुढे टाकून दाबायचा, मागे घ्यायचा आणि थाप पडली की फिरायचं. मी शेजाऱ्याच्या पायाकडे बघत नाचायचो, म्हणून कायम अर्धी मात्रा मागे. मामा वाजवता वाजवताच ओरडायचे, “बगून नको नाचू, आयकून नाच!”

ऐकून नाचायला मला तीन आठवडे लागले. एके संध्याकाळी बाराही चाळ एका क्षणी पडले आणि पडवीची जमीन थरथरल्यासारखी झाली. त्यात माझा चाळ कुठला, ते मलाच कळेना. एवढा हलका मी आधी कधी झालो नव्हतो, आणि नंतरही फार वेळा नाही. त्या गोलात क्रिकेटवरून डोकी फोडणारी दोन वाड्यांची पोरं होती. त्यांची भांडणं थांबली असं म्हणणार नाही. पण सरावाच्या वेळी ती बाजूला ठेवावी लागायची, कारण दोघांचा पाय एकाच थापेवर पडायचा असे.

प्रत्यक्ष कार्यक्रमात सुरुवातीचं गणपतीचं गाणं, म्हणजे गण, छान झाला आणि गवळणीच्या पहिल्याच कडव्याला मी उलटा फिरलो. मागून येणाऱ्याचं कपाळ माझ्या नाकावर. रक्त, हशा, शिट्ट्या. मी मामांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. मृदंग थांबला नाही आणि गोलही थांबला नाही. दोन आवर्तनं सोडून मी नाक पुसत पुन्हा शिरलो. आयुष्यात पुढे बऱ्याच ठिकाणी तोंडावर पडलो, तेव्हा ती दोन आवर्तनं आठवत आलो आहे.

घरी आईची वेगळीच शाळा होती. गौरीच्या रात्री ती फुगडी घालायची. हातांची अढी घालून, पाय जुळवून, मागे रेलून गरगर फिरायचं. एकीचा तोल दुसरीच्या हातात. हात सुटला तर दोघी अंगणात. शेताच्या बांधावरून वर्षभर अबोला धरलेल्या काकूबरोबरही आईने फुगडी घातलेली मी पाहिली आहे. भाताची लावणी करून वाकलेल्या पाठी त्या रात्री मागे रेलत होत्या. बायका हसायच्या, धापा टाकायच्या, आणि सकाळी आईचा आवाज मऊ असायचा.

आता डॉक्टर सांगतात, आठवड्याला किमान १५० मिनिटं अंग हलवा. हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. आजोबांचा हा कोटा एका रात्रीत पुरा व्हायचा, पण वर्षाचा व्यायाम एका रात्रीत उरकून चालत नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००३ साली आलेल्या एका अभ्यासाबद्दल त्यांनीच सांगितलं. पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तर वाचणाऱ्यांत, पटावरचे खेळ खेळणाऱ्यांत, वाद्य वाजवणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. आणि शारीरिक हालचालींपैकी नाचणाऱ्यांत. नाचामुळे डोकं शाबूत राहिलं की डोकं शाबूत होतं म्हणून ते नाचत होते, हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. तरी मला ते पटतं. चालताना माणूस बँकेच्या हप्त्यांचा विचार करू शकतो. जाखडीत केला तर शेजाऱ्याच्या पायावर पाय. ऐकणं, लक्षात ठेवणं, तोल सांभाळणं आणि माणसांत असणं, सगळं एकदम करावं लागतं. मामा मृदंगही वाजवायचे, म्हणजे त्यांना दोन्हीकडून लाभ. शेवटपर्यंत त्यांना प्रत्येक बॅचची पोरं नावानिशी आठवत होती.

आमच्या १९८७च्या दहावीच्या बॅचमधले आम्ही नऊ जण महोत्सवात जाखडी करणार आहोत. डोंबिवलीत एकाच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी सराव चालतो. पहिल्याच रविवारी खालच्या मजल्यावरचे काका वर आले, म्हणून सध्या चाळ काढून नाचतो. तरी चाळाचा पाय आपोआप जड पडतो. दोघांचे गुडघे कुरकुरतात, एकाला साखर आहे, आणि मी अजून एका वळणावर चिपळूणला जातो.

समितीला एवढीच विनंती: स्टेजच्या फळ्या आधी ठोकून घ्या, आणि आमचा नंबर जेवणानंतर लावू नका.

– एक माजी विद्यार्थी, दहावी १९८७