1974 सालची नौका आणि उद्यमनगरातले लेथ

कोल्हापुरात राहून शिडाची नौका बाळगायची म्हणजे प्रत्येक लहानमोठ्या कामासाठी गगनबावड्यापर्यंत पंचावन्न किलोमीटर जायचे, घाट उतरायचा आणि वैभववाडी, तळेरे करत विजयदुर्गाच्या मागची वाघोटन खाडी गाठायची. एका फेरीला चार तास लागतात आणि घरी विसरलेला एक पाना सबंध रविवार वाया घालवू शकतो. तरीही गेली सहा वर्षे मी आणि माझी पत्नी हे करत आहोत. आमची नौका सव्वीस फुटी, फायबरग्लासची, 1974 साली ब्रिटनमध्ये बांधलेली आहे. आधीच्या मालकांनी ती गोव्यापर्यंत आणली आणि तिथे विकली.

तिच्या तळाखाली एका कण्याऐवजी (तोल सावरणाऱ्या जड पात्याऐवजी) शेजारी शेजारी दोन कणे आहेत, आणि आम्ही ती घेण्याचे मुख्य कारण तेच होते. ओहोटीला पाणी उतरले की ती खाडीच्या गाळावर कलंडत नाही, दोन पायांवर उभी राहते. त्यामुळे बूड घासण्यासाठी आणि रंगवण्यासाठी क्रेन लागत नाही. जवळच गिर्ये येथे मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे आणि पाणी गेले की तळाचे काम करायचे, ही तिथली रीत आम्ही लहान प्रमाणात आजही पाळतो. मात्र त्यासाठी तिथी पाहावी लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत खाली जाते खरे, पण आमच्या किनाऱ्यावर त्या दिवसांतली ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी असते, परंतु तेव्हा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असल्यामुळे पाणी पुरेसे उतरत नाही. म्हणून आम्ही चतुर्थी-पंचमी धरतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास बूड उघडे पडते आणि पुन्हा पाणी चढेपर्यंत चार तास हाताशी मिळतात.

पहिल्या वर्षी आम्ही चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली. पडद्यावर सागरी नकाशा आणि नौकेची जागा दाखवणारा चार्टप्लॉटर घेतला, आसपासची जहाजे पडद्यावर दाखवणारी एआयएस यंत्रणा घेतली, सौर पॅनेल बसवले. नौका नवी दिसू लागली आणि आम्हाला समाधान वाटले. पावसाळ्यासाठी ती बांबू आणि झापांनी शाकारून ठेवली. सप्टेंबरमध्ये उघडली, तेव्हा एका कपाटातल्या लाकडावर तपकिरी ओघळ दिसला. तो ओघळ चेनप्लेटचा होता. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तोलून धरणाऱ्या स्टेनलेसच्या तारा ज्या जाड पट्ट्यांना जोडतात, त्या चेनप्लेट. पट्टीचा डेकवरचा भाग आरशासारखा चकचकीत होता. ती काढून बाहेर आणली तर डेकच्या जाडीत दडलेल्या दीड इंचात खड्डेच खड्डे पडलेले होते आणि एका ठिकाणी धातू अर्धाच उरला होता. स्टेनलेस पोलादाचे रक्षण त्याच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर करतो आणि तो थर टिकण्यासाठी प्राणवायू लागतो. मोकळ्या हवेत तो मिळतो. पण डेकच्या फटीत खारे पाणी मुरून साचले, की तिथे हवा पोहोचत नाही आणि उघड्यावर वर्षानुवर्षे टिकणारा धातू अंधारात खाल्ला जातो. ती पट्टी ऐन समुद्रात तुटली असती, तर डोलकाठी आडवी झाली असती. त्या दिवसापासून नवे काही बसवण्याआधी जुने काढून पाहायचे, हा क्रम आम्ही ठरवला.

सहाही पट्ट्या 316 प्रतीच्या स्टेनलेसमध्ये शिवाजी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, बनवून घेतल्या आणि तिथूनच या नौकेचा कोल्हापूरशी खरा संबंध सुरू झाला. परदेशातून सुटे भाग मागवण्यात महिने जातात आणि जकातीसह किंमत दुप्पट होते. इथे चार गल्ल्यांत टर्नर, फिटर, ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने म्हणजे पॅटर्न बनवणारे, ओतकाम करणारे, सगळे भेटतात, कारण या शहराने पिढ्यान्‌पिढ्या ऑईल इंजिने, शेतीचे पंप आणि गुऱ्हाळांची यंत्रे घडवली आहेत. नौका ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा नौकेबाहेर जातो, तिथे पाणी रोखणारी स्टफिंग बॉक्स मी एका वयस्क टर्नरकाकांपुढे ठेवली आणि समजावून सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले. “अहो साहेब, ही तर आमच्या उसाच्या पंपाचीच ग्लँड हाय की!” खरोखरच तत्त्व तेच आहे. दांड्याभोवती दोरीची कडी रचायची, नट आवळायचा, पण इतकाही नाही की दांडा तापेल. चालू असताना थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे. फरक एकच निघाला. पंपाला त्यांच्याकडे काळी ग्रॅफाइटची पॅकिंग वापरतात. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि पोलाद एकमेकांना लागले की विद्युत-रासायनिक क्रियेने दांडा गंजतो. म्हणून आम्ही टेफ्लॉनची पांढरी दोरी घेतली. काकांनी कारण विचारले, शांतपणे ऐकले आणि जुन्या दांड्यावरचे खड्डे बोटाने चाचपून मान डोलावली.

सर्वांत जास्त काळजी मला पाण्याखालच्या झडपांची वाटते आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नौका बुडवायला तेवढी एक फुटकी झडप पुरते. इंजिनाला थंड करणारे समुद्राचे पाणी आत घेण्यासाठी तळाला भोक असते आणि त्यावर झडप बसवलेली असते. एका दुकानातून आम्ही कांस्य म्हणून घेतलेल्या झडपा पितळेच्या निघाल्या. नव्या असताना दोन्ही पिवळ्याच दिसतात. परंतु पितळेत जस्त भरपूर असते आणि समुद्राच्या पाण्यात ते हळूहळू निघून जाते. मागे उरते ते गुलाबी, सच्छिद्र, ठिसूळ तांबे. तीन वर्षांनी एक झडप खरवडून पाहिली, तेव्हा आतला धातू गुलाबी होता आणि हातोडीच्या हलक्या टोल्याने तिचा कान तुटून हातात आला. आता सगळ्या झडपा गनमेटलच्या आहेत. पंचाऐंशी टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी पाच टक्के, हे मिश्रण ओतकाम करणाऱ्यांना पाठ असते. तरीही मी प्रत्येक ओतीचा तुकडा तपासणीला देतो, कारण भट्टीत भंगारातले पितळ मिसळणे फार सोपे आहे. शिवाय दांड्यावर आणि तळावर जस्ताचे तुकडे लावले आहेत. ते आधी झिजतात, बाकीचे धातू वाचतात. ते अर्धे झाले की बदलायचे.

इंजिन दोन सिलिंडरचे जुने डिझेल आहे आणि ते बदलण्याचा सल्ला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही. त्याच्यात थेट समुद्राचे पाणी फिरत असे. असे इंजिन साठ अंशांच्या फार वर तापू देता येत नाही, नाहीतर आतल्या वाटांत क्षार धरतात. आम्ही आतले क्षार आम्लाने धुऊन काढले, उष्णता-विनिमयक बसवला आणि आता इंजिनात गोडे पाणी फिरते, समुद्राचे पाणी फक्त विनिमयकातून जाते. विजेचे काम त्यामानाने सोपे होते: कथिलाचा मुलामा दिलेल्या तारा, एलईडी दिवे आणि लिथियम बॅटरी.

हे सगळे करताना मला ‘तृष्णा’ची आठवण होते. भारतीय सैन्याच्या पथकाने 1985 ते 1987 या काळात जिच्यातून पहिली भारतीय पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती सदतीस फुटी नौकाही इंग्लंडमध्ये विकत घेतलेली, वापरलेलीच होती. आमचे बेत तेवढे मोठे नाहीत. गेल्या जानेवारीत विजयदुर्गाहून देवगडला गेलो, बाराएक सागरी मैल. जाताना दुपारचे वायव्येचे खारे वारे पाठीमागून होते. परतीसाठी पहाटे तीनला नांगर उचलला, कारण मतलई वारा तेव्हाच जमिनीवरून येतो आणि उत्तरेला जाताना शिडाला आडवा मिळतो. इंजिन बंद होते. मी टॉर्च घेऊन खाली वाकलो, प्रत्येक चेनप्लेटच्या मुळाशी कोरडा कागद फिरवून पाहिला. सहाही ठिकाणी कागद कोरडा राहिला. वर पत्नीने सुकाणूवरून विचारले, “काय हो, ठीक आहे ना सगळे?”

सुकाणूच्या खालच्या बेअरिंगचा लाकडी पॅटर्न सध्या उद्यमनगरात तयार होतो आहे. धातू थंड होताना किती आकसेल, त्याचा हिशेब काकांच्या मुलाने केला आहे. ओतकाम दसऱ्यानंतर होईल आणि बेअरिंग बसवायला या वेळी ते दोघेही आमच्याबरोबर खाडीवर येणार आहेत. काकांनी आजवर नौका पाहिलेली नाही.