आत्याची उभी घडी

रविवार, रात्री साडेदहा

आत्याचा तेरावा गुरुवारी झाला. आज तिचं डोंबिवलीचं घर आवरायला घेतलं. अंधारलं तसा मोरीतला दिवा लावायला गेले, तर बल्ब गेलेला. कधीपासून कोण जाणे!

मग डबे काढले. साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या दोन, रव्याच्या तीन. फोडणी ती कानांनी करायची. "मोहरी तडतडायची थांबली की हिंग. तू बघत बसतेस, म्हणून तुझी करपते."

३१ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. रोज लोकल. अपंगांच्या डब्याच्या जागी फलाटावर आता पीं-पीं वाजतं. त्याआधी जिन्यापासून पावलं मोजून उभी राहायची. कुणी दंड धरून ओढायला लागलं की म्हणायची, "धरू नका, कोपर द्या. मी धरते."

पैशांचं मात्र वेगळं. जुन्या नोटा तिच्या बोटांना कळायच्या. शंभरची १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७, म्हणजे चांगला सेंटीमीटरभर फरक. शिवाय शंभरवर उठावाचा त्रिकोण, पाचशेवर गोल. २०१६च्या नोव्हेंबरात त्या पाचशेच्या नोटा गेल्या आणि पुढे नव्या मालिकेत पाचशेची १५० झाली, दोनशेची १४६. रुंदी दोन्हींची सारखीच. खुणा आहेत, कडेला रेषाही आहेत, पण नोट चार हात फिरली की उठाव बसतो. माझ्याकडून फुटपट्टीने मोजून घेतलं. "चार मिलिमीटर?" दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिने घड्या ठरवल्या. शंभरची सपाट, दोनशेची मधोमध दुमडलेली, पाचशेची लांबीत उभी घडी.

२०२० साली रिझर्व्ह बँकेचं 'मणी' ॲप आलं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते बोलून सांगणारं. मी हौसेने तिच्या फोनमध्ये घालून दिलं. घरी वापरायची, बाजारात नाही. "सगळ्या मंडईला ऐकवू का माझ्याकडे किती आहेत ते?"

बँकेतही एकदा काउंटरवरचा म्हणाला, सोबत डोळस माणूस आणा. आत्याने पर्समधून रिझर्व्ह बँकेच्या जून २००८च्या परिपत्रकाची झेरॉक्स काढली. चेकबुक, एटीएम, लॉकर, काहीही अंध ग्राहकाला नाकारायचं नाही. छापील कागद तिला वाचता येत नव्हता, पण पाठ होता. तिथेच म्हणून दाखवला!

आणि मी काय केलं? एका दिवाळीत तिची पर्स 'नीट' लावून दिली. चुरगळलेल्या वाटल्या, म्हणून सगळ्या नोटा सरळ करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तिने रिक्षावाल्याला शंभरऐवजी पाचशे दिले. बिचारा भला, हाक मारून परत केले. आत्या ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "लिहून ठेवलेलं होतं गं, तू पुसून टाकलंस." ते अजून टोचतं.

आज आवरता आवरता दूधवाला आला. मागचे सहाशे राहिले होते. जिन्यातही उजेड नव्हता. तिच्या पर्समध्ये हात घातला. एक उभी घडी, एक सपाट. त्याने मोबाइलच्या उजेडात बघितल्या आणि खिशात घातल्या.

उरलेले पैसे उद्या भावाकडे द्यायचे आहेत. घड्या अजून मोडलेल्या नाहीत.