नूतनीकरण प्रक्रियेत आहे

दत्तक एजन्सीच्या या तीन शब्दांनी आमच्या घरात एका गणपतीपासून पुढच्या गणपतीच्याही पलीकडे सगळ्यांचं डोकं उठवलं. भाऊजी आणि माझी जाऊ न्यू जर्सीत असतात. त्यांना भारतातून मूल दत्तक घ्यायचंय. दोघंही मूळ नाशिकचे, लग्नही इथलंच, त्यामुळे तिकडची धावपळ त्यांची आणि इकडच्या कागदांची माझी अशी वाटणी झाली.

इकडचं तसं सुरळीत झालं. जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचा दाखला शरणपूर रोडला राजीव गांधी भवनातून मिळाले. घोळ होऊ शकला असता तो जावेच्या नावाचा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, तेच पासपोर्टवर गेलं. जन्मदाखल्यावर मात्र माहेरचं. नशिबाने तेव्हाच राजपत्रात नाव छापून घेतलं होतं. तुमच्याकडे असं असेल तर हे काम आधी हातात घ्या, कारण या कागदाला मुदत नसते. मुदत असलेले कागद आधी काढले की काय होतं, ते पुढे सांगते.

अमेरिकेतल्या एजन्सीला भारतातलं दत्तक करायचं तर दोन मान्यता लागतात. एक तिकडची, 1993 च्या हेग करारानुसार काम करण्याची. दुसरी दिल्लीच्या ‘कारा’ची, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची. दोन्ही चालू असतील तरच ती एजन्सी पालकांचं नाव ‘केअरिंग्ज’ या ‘कारा’च्या दत्तक नोंदणीच्या पोर्टलवर नोंदवू शकते. आमच्या एजन्सीची पहिली मान्यता शाबूत होती. दुसरी संपत आली आहे, हे फीचा पहिला हप्ता भरल्यावर समजलं. समाजसेविका घर बघून जो गृहभेटीचा अहवाल देते, तो तयार होईपर्यंत ती संपलीसुद्धा.

मग सुरू झाले ते मेल. कधी होईल? नूतनीकरण प्रक्रियेत आहे. अर्ज कधी केला होता? नूतनीकरण प्रक्रियेत आहे. मी पतसंस्थेत काम करते. मुदत संपलेल्या ठेवीबद्दल आम्ही कुणाला असं उत्तर दिलं, तर तो माणूस काउंटर ओलांडून आत येईल. भाऊजी मात्र मेलच्या शेवटी न चुकता ‘धन्यवाद’ लिहायचे. एकदा मी म्हटलं, “भाऊजी, धन्यवाद कशाबद्दल?” तर म्हणाले, “वहिनी, आपली फाइल त्यांच्याकडे आहे.”

खरा जाच वेगळाच होता. रखडलेला कागद एक आणि मुदती संपत होत्या बाकी सगळ्यांच्या. एजन्सी म्हणाली, तोवर पुढचं करून ठेवा. म्हणून भाऊजी आणि जावेने परदेशातून मूल दत्तक घेण्यासाठीचा अमेरिकी इमिग्रेशनचा आय-८००ए हा अर्ज भरला, बोटांचे ठसे दिले, मंजुरीही आली. ही मंजुरी 15 महिन्यांची असते. अर्जासोबतचा गृहभेटीचा अहवाल सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. म्हणजे इकडे दिल्लीचं पत्र नाही आणि तिकडे घड्याळ चालू. मुदत वाढवायची तर अहवाल नव्याने अद्ययावत करायचा, समाजसेविका परत घरी येणार, परत फी. पोलीस दाखला आणि वैद्यकीय तपासणी फ्रीजबाहेर राहिलेल्या दुधासारखी, आज ना उद्या नासणारच. दाखले परत काढले, तपासण्या परत केल्या. एजन्सीची मान्यता हातात आल्याशिवाय हा आय-८००ए भरू नका. कुणी कितीही ‘तोवर करून ठेवा’ म्हणालं तरी नाही.

आणि त्यात ती वयाची बेरीज. 2022 च्या दत्तक नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज जास्तीत जास्त 85 चालते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90. आणि वय धरतात ते नोंदणीच्या दिवशीचं. सुरुवातीला आमची बेरीज होती 84. जावेचा वाढदिवस झाला, 85. भाऊजींचा दिवाळीनंतर. वाढदिवसाच्या आदल्या दिवशीपर्यंत आम्ही सगळे मेल उघडून बसलो होतो. काही आलं नाही. केक कापताना व्हिडिओ कॉलवर कुणीच काही बोलेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “ही बेरीज करायला सांगितली कुणी?” त्यांना काय सांगणार!

भर म्हणजे परदेशातल्या पालकांचा प्रतीक्षा यादीतला क्रमांक लागतो तो कागदपत्रं आणि गृहभेटीचा अहवाल पोर्टलवर चढल्याच्या तारखेपासून. वाट पाहिलेला काळ कुठेही धरला जात नाही. हे मला अजून पचलेलं नाही.

दुसऱ्या एजन्सीकडे का गेलो नाही? विचार झाला होता. पण भरलेली फी परत मिळण्याचं कलम करारात नव्हतं आणि अहवालाचं काम नव्याने सुरू झालं असतं. सही करण्याआधी हे कलम शोधा. मान्यता संपण्याची तारीख, नूतनीकरणाचा अर्ज केल्याची तारीख आणि मधल्या काळात पैशांचं काय, ही तीनही उत्तरं लेखी मागा. मान्यताप्राप्त परदेशी एजन्सींची यादी ‘कारा’च्या संकेतस्थळावर असते, तिकडची अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या. दोन्ही याद्या स्वतः बघा.

या काळात सल्ले फुकट मिळाले. नाशिकचा पत्ता देऊन इथलेच रहिवासी म्हणून नोंदणी करा, असं एकाने सुचवलं. राहतात तिकडे, तर गृहभेट इथे कुणाच्या घरी करायची? आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी तर ‘ओळखीतलं एक बाळ आहे, लगेच मिळेल’ असं कानात सांगितलं. त्यांना मी सरळ बाल न्याय कायद्याचं कलम 80 ऐकवलं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. त्यानंतर काकू लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

मान्यता आली तेव्हा मेल एका ओळीचा होता. दिलगिरी नाही, काही नाही. मी इतकी चिडले होते की आनंद व्हायला दुसरा दिवस उजाडला. पुढे मात्र नोंदणी पटकन झाली, दोन ते चार वयोगटात. जाऊ म्हणाली, “ताई, बरंय ना, आल्या आल्या भांडता तरी येईल.”

आणखी एक गोष्ट. मूल घरी आलं की एजन्सीचं काम संपत नाही. दोन वर्षं पाठपुराव्याचे अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. म्हणजे त्यांची मान्यता तेवढा काळ तरी टिकायला हवी. नवी तारीख मी पतसंस्थेच्या रजिस्टरसारखी आखून भाऊजींना पाठवली आहे, बजावून, की ती संपायच्या वर्षभर आधीच पहिला मेल गेला पाहिजे. आणि त्यात धन्यवाद नको.