ऑल्दो आला की बट नको

मराठीत 'जरी' आलं की 'तरी' येणारच, 'जर' आलं की 'तर'. हीच सवय इंग्रजीच्या पेपरात गुण घालवते. सोलापुरात मुलांच्या वह्या तपासताना असं वाक्य हमखास सापडतं: 'ऑल्दो द गड्डा वॉज क्राउडेड, बट वी एन्जॉइड इट.' गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, गर्दी होती तरी मजा आली, एवढंच सांगायचंय. पण 'ऑल्दो' लावला की पहिलं वाक्य गौण होतं आणि दुसऱ्याच्या आधाराने उभं राहतं, तर 'बट' जोडतो दोन बरोबरीची वाक्यं. दोन्ही घातले की मुख्य वाक्य कोणतं हेच ठरत नाही. एक ठेवा, दुसरा काढा. 'बिकॉज' आणि 'सो' यांचंही तेच. जुन्या व्याकरणांत 'दो-येट' अशी जोडी दिलेली असते, पण आजच्या लिखाणात तीही टाळलेली बरी.

बरोबरीचं जोडणारे शब्द सातच: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. आद्याक्षरांवरून 'फॅनबॉइज' लक्षात राहतं. खरी अडचण स्वल्पविरामाची. दोन्ही बाजूंना आपापला कर्ता आणि क्रियापद असेल तर जोडशब्दाआधी स्वल्पविराम द्यायचा. 'ही बॉट अ चादर अँड टू टॉवेल्स' इथे तो नको. आणि वाक्याच्या मध्ये 'नॉर' आला की पुढे सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'ही डिडन्ट कॉल, नॉर डिड ही कम.'

जोडीने येणाऱ्या शब्दांत सगळ्यात जास्त चुका जागेच्या होतात. 'ही नॉट ओन्ली सेल्स चादर्स बट ऑल्सो टॉवेल्स' हे वाक्य बघा. 'नॉट ओन्ली'नंतर क्रियापद आलंय, 'बट ऑल्सो'नंतर नाम. तोल गेला. 'सेल्स' दोघांनाही लागू आहे, म्हणून ते जोडीच्या बाहेर काढायचं: 'ही सेल्स नॉट ओन्ली चादर्स बट ऑल्सो टॉवेल्स.' तपासायला सोपं आहे. जोडीतल्या दोन्ही शब्दांखाली रेघ मारा आणि त्यांच्या लगेच पुढे काय आलंय ते बघा. नामापुढे नाम, क्रियापदापुढे क्रियापद, असं जुळलंच पाहिजे. 'नॉट ओन्ली'ने वाक्य सुरू करून पुढे पूर्ण वाक्य आणायचं असेल तर क्रम उलटतो: 'नॉट ओन्ली डिड ही वीव्ह द चादर, बट ही ऑल्सो डाइड द यार्न.'

'आयदर-ऑर' आणि 'नायदर-नॉर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं. 'नायदर द ओनर नॉर द वर्कर्स वेअर प्रेझेंट', पण क्रम उलटा केला की 'वॉज'. अनेकवचनी कर्ता दुसरा ठेवला तर वाक्य कानालाही बरं लागतं. 'बोथ-अँड'ने दोन कर्ते जोडले की क्रियापद अनेकवचनीच. 'नायदर'सोबत 'नॉट' घालायचा नाही. आपण 'मालकही आला नाही, कामगारही आले नाहीत' असं दोनदा नाकारतो, म्हणून हात नकळत 'नॉट' लिहून जातो.

आता परीक्षेतलं लाडकं 'नो सूनर'. 'नो सूनर डिड द सिद्धेश्वर एक्स्प्रेस लीव्ह सोलापूर दॅन ही फेल अस्लीप.' 'डिड' आल्यावर भूतकाळ तिथेच दाखवून झाला, त्यामुळे 'लेफ्ट' नाही, मूळ रूप 'लीव्ह'. आणि 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे, म्हणून पुढे 'दॅन'च. 'व्हेन' हवा असेल तर वाक्य 'हार्डली' किंवा 'स्केअर्सली'ने सुरू करायचं, आणि तिथे 'डिड'ऐवजी 'हॅड' घेतात: 'हार्डली हॅड द ट्रेन लेफ्ट व्हेन ही फेल अस्लीप.' 'हॅड'नंतर मात्र 'लेफ्ट'च बरोबर.