रामगढच्या वाटेवरच्या बेऱ्या

जैसलमेरला आलेली बहुतेक मंडळी जवळच्या सम गावच्या वाळूत उंटावर बसतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि परत फिरतात. आम्हीही तेच केलं. तंबूतल्या मुक्कामात रात्री उशिरापर्यंत स्पीकर दणाणत होते आणि ताटात पनीर होतं, त्यावर आणखी काही लिहावंसं वाटत नाही. लिहायचं आहे ते रामगढकडच्या बेऱ्यांबद्दल, म्हणजे वाळूत खणलेल्या अरुंद विहिरींबद्दल.

जैसलमेरहून रामगढ साठेक किलोमीटर. गावाजवळच्या एका सखल मैदानात जमिनीलगत लाकडी झाकणं दिसली. एका आजोबांनी, त्यांना सगळे बाबोसा म्हणत होते, एक झाकण सरकवलं. तोंड इतकं अरुंद की माणूस जेमतेम आत उतरेल. त्यांनी दोराला बांधलेली छोटी बादली सोडली, हळूहळू वर ओढली आणि आधी आमच्या ओंजळीत पाणी ओतलं. थंडगार आणि गोड! इथे वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. खोल जमिनीतलं पाणी बहुतेक ठिकाणी खारं. मग हे गोड पाणी कुठलं?

बाबोसांनी वाळूत काठीने रेघ ओढून दाखवलं. या भागात वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, पण हा थर त्याला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. ते ओल होऊन वाळूच्या कणांत अडकून राहतं. थराच्या वरपर्यंत बेरी खणली की ती ओल चहूबाजूंनी थेंब थेंब पाझरते. दिवसाला दोन-तीन घागरी, बस्स. बेरी रुंद केली तर तेवढंच पाणी तळाशी पसरेल, बादलीत येणार नाही, वर उन्हाने उडून जाईल. म्हणून ती अरुंद. खणणारा आत कोंडलेल्या उष्म्यात बसून काम करतो आणि वरचे लोक मूठ मूठ वाळू जोराने खाली फेकतात, म्हणजे तिच्यासोबत ताजी हवा आत जाते. ती वाळू लागू नये म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचं भांडं. बेरी एका घराची असली तरी जमीन गावाची, आणि ओल सगळ्यांची एकच. नवी बेरी म्हणजे त्याच ओलीत आणखी एक वाटेकरी, त्यामुळे गावाच्या संमतीशिवाय कुणी खणत नाही.

हे ऐकताना माझा घसा दाटून आला. मी लातूरची. आमच्याकडे पाऊस इथल्या तिपटीहून जास्त, तरी 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमच्या गल्लीत एकाने बोअर मारला की शेजारचा त्याहून खोल मारतो, आणि कुणी कुणाला विचारत नाही. मला याचा खरंच राग येतो.

दुपारी बाबोसांच्या ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, जेवलो. गोल झोपडी, जाड मातीच्या भिंती, वर गवताचं शाकारलेलं छप्पर. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आत पंख्याशिवाय निवांत बसता आलं. बाजरीची भाकरी, ताक आणि केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. केर हे काटेरी झाड, त्याची फळं कडू, म्हणून काही दिवस ताकात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवायची, मग वाळवून वर्षभर ठेवायची. दोन्ही झाडं पाण्याची वाट न बघता ऐन उन्हाळ्यात फळतात. घरातल्या काकीसांनी मडक्यातल्या वाळवलेल्या सांगऱ्या मूठभर काढून दाखवल्या: काळपट, सुरकुतलेल्या, बोटभर काड्या. शिजल्यावर त्यांना आंबूस, किंचित धुरकट चव येते. मी दोनदा मागून घेतली.

समच्या तंबूत हीच भाजी का नसते, असं जीपवाल्या दादांना विचारलं. म्हणाले, पाहुणे मागतच नाहीत. तेव्हा तिकडे गेलात तर मागा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण वाळवलेली सांगरी आधी भिजत घालावी लागते.